वक्त्याच्या कामी येईल असा अभिप्राय कसा गोळा करावा: वेब डेव्हलपमेंट परिषदेच्या संयोजकांसाठी

बेळगावात वेब डेव्हलपमेंटची एक दिवसाची परिषद भरवायची ठरली, की सभागृह, वक्ते, प्रोजेक्टर, जेवण आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर जनरेटर, यांची धावपळ महिनाभर आधी सुरू होते. अभिप्रायाचा अर्ज मात्र आदल्या रात्री, ओळखपत्रांच्या दोऱ्या ओवता ओवता, कोणीतरी अर्ध्या तासात उरकून टाकतो. मीही तो तसाच उरकत आलो होतो. त्याचे फळ काय मिळते हे एका परिषदेत चहाच्या रांगेत समजले. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी, नेटवर्क नसतानाही पान चालू ठेवायला मदत करणारी स्क्रिप्ट) या विषयावरचे सत्र नुकतेच संपले होते आणि अर्जांवर पाचपैकी पाच गुणांची रास लागली होती. रांगेत माझ्यापुढे खानापूरहून आलेला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी उभा होता. सत्र कसे झाले असे विचारताच तो म्हणाला, "मस्त झालं की ओ सर." मग सहज विचारले, की कुठपर्यंत समजले? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "ते प्रॉमिस म्हणजे काय तेच कळ्ळं नाही बघा. त्याच्या पुढचं सगळं डोक्यावरनं गेलं." चाळीस मिनिटांच्या त्या सत्रात प्रॉमिस (जावास्क्रिप्टमध्ये एखाद्या कामाचे उत्तर किंवा अपयश नंतर कळवणारी सोय) हा शब्द वक्त्याने सुरुवातीच्या पाच-सहा मिनिटांतच उच्चारला होता.

विद्यार्थी खोटे बोलला नव्हता. पहिल्या प्रश्नाला त्याने यजमानाला द्यावे तसे उत्तर दिले आणि दुसऱ्या प्रश्नाला माहिती दिली. अर्जावर आपण बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न छापतो. दुसऱ्या जातीचे प्रश्न कसे तयार करावेत, ते केव्हा आणि कोणत्या भाषेत विचारावेत, आणि आलेल्या उत्तरांचे पुढे काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. डोळ्यांसमोर दीडशे-दोनशे माणसांची, विद्यार्थी आणि नोकरदार अशा मिश्र श्रोत्यांची परिषद आहे.

आधी ठरवावे, हे वाचणार कोण

प्रश्न लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर एवढेच लिहावे, की या उत्तरांच्या आधारे कोण काय ठरवणार आहे. वक्त्याला आपले सत्र सुधारायचे असते. त्याला नेमकी जागा हवी असते, म्हणजे कुठे वेग वाढला, कोणते उदाहरण लागले नाही, मागच्या रांगेतून कोड वाचता आला का. संयोजकांना पुढच्या वर्षीचे विषय आणि त्यांची पातळी ठरवायची असते. जेवणाला वेळ लागला, खुर्च्या अडचणीच्या होत्या, ही तिसरीच बाब झाली आणि तिचा वक्त्याशी काही संबंध नसतो. या तिन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबल्या, की दुपारी जेवणाची रांग लांबली म्हणून दीडच्या सत्राचे गुण उतरतात. म्हणून प्रत्येक सत्रासाठी चार-पाच प्रश्नांचा स्वतंत्र छोटा अर्ज असावा, आणि व्यवस्थेविषयीचा एक अर्ज दिवसातून एकदाच, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी संदेशाने पाठवावा.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले तरी आपण काहीच वेगळे करणार नसलो, तर तो प्रश्न खोडावा. "परिषदेची माहिती आपल्याला कोठून मिळाली?" हा प्रश्न प्रत्येक सत्राच्या अर्जावर का छापलेला असतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

प्रमाणपत्राची गाठ सोडवावी

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य कार्यक्रमांत अभिप्रायाचा अर्ज भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र मिळत नाही. संयोजकांना ही युक्ती मोठी हुशारीची वाटते, कारण अर्जांची संख्या जवळजवळ उपस्थितीएवढी होते. पण विद्यार्थ्याला हवे असते ते प्रमाणपत्र. अर्ज हा त्याच्या वाटेतला धोंडा असतो, आणि धोंडा लवकरात लवकर बाजूला सारण्याचा उपाय म्हणजे उजवीकडचे शेवटचे वर्तुळ वरपासून खालपर्यंत दाबत जाणे.

एका महाविद्यालयातील कार्यशाळेनंतर असे अर्ज मी स्वतः तपासले आहेत. तेथे एक सत्र वक्ता न आल्यामुळे ऐनवेळी रद्द झाले होते, पण अर्जात त्याचे नाव राहून गेले होते. त्या न झालेल्या सत्रालाही बहुतेकांनी पाचपैकी पाच गुण दिले होते, आणि "काय आवडले?" या रकान्यात कोणी "गुड", कोणी "नाइस" तर कोणी नुसते पूर्णविराम टाकले होते. तेव्हापासून मी नियम केला, की प्रमाणपत्र उपस्थितीवर द्यावे आणि अभिप्राय ऐच्छिक ठेवावा. प्रवेशद्वारावरील नोंदणी किंवा दुपारनंतरची एक हजेरी यांवर प्रमाणपत्र देता येते. असे केल्यावर अर्जांची संख्या दणकून खाली येते, आणि त्यासाठी प्राचार्यांची आणि प्रायोजकांची मनाची तयारी आधीच करून घ्यावी लागते. वाचण्याजोगे तीस अर्ज हाती असले, तर न वाचता दाबलेल्या दीडशे अर्जांचे काही वाटत नाही.

याच ओघात नावाचाही विचार करावा. विद्यापीठ क्रमांक, भ्रमणध्वनी आणि ई-मेल हे तीन रकाने सवयीने टाकले जातात. वक्ता हा पुढे नोकरीची मुलाखत घेणाऱ्या कंपनीतला असेल, तर स्वतःच्या नावाने "मला काही समजले नाही" असे कोण लिहील? नाव मागूच नये. पुढे संपर्क हवा असल्यास त्यासाठी वेगळा, ऐच्छिक अर्ज ठेवावा आणि तो या उत्तरांशी जोडू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार, संमतीच्या आधारे वैयक्तिक माहिती घेताना ती कशासाठी घेत आहोत हे सांगावे लागते, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याची सोय द्यावी लागते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. माहिती घेतलीच नाही, तर हा सगळा व्याप उरत नाही. मात्र नाव न घेताही माणूस ओळखता येतो, हे विसरू नये. अकरा जणांच्या कार्यशाळेत गाव, अनुभवाची वर्षे आणि महाविद्यालय हे तिन्ही विचारले, तर नाव विचारल्यासारखेच आहे.

प्रश्न: विशेषणे टाळावीत, घडलेले विचारावे

अमेरिकेतील काही संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी एका नटाला "डॉ. फॉक्स" असे नाव देऊन तज्ज्ञ म्हणून व्यासपीठावर उभे केले. त्याच्या व्याख्यानात परस्परविरोधी विधाने, गोलगोल वाक्ये आणि भरपूर विनोद होते, आशय जवळजवळ नव्हता. तरी मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातील मंडळी असलेल्या श्रोत्यांनी त्याला चांगले शेरे दिले. "सत्र कसे वाटले?" या प्रश्नाला उत्तर म्हणून वक्त्याचा आवाज, विनोद आणि आत्मविश्वास यांचे मोजमाप मिळते. ते निरुपयोगी आहे असे नाही, पण कंटाळवाण्या आवाजात सीएसएस ग्रिड (वेब पानाची ओळी-रकान्यांत मांडणी करण्याची पद्धत) उत्तम समजावून सांगणाऱ्या माणसावर त्यामुळे अन्याय होतो.

म्हणून श्रोत्याला मत विचारण्याऐवजी त्याच्या बाबतीत काय घडले ते विचारावे. माझ्या अर्जातला पहिला प्रश्न असा असतो: "या सत्रातील कोणती गोष्ट आपण येत्या महिनाभरात स्वतः करून पाहाल?" उत्तरासाठी एकच ओळ. ती रिकामी राहिली तरी ती माहितीच आहे. दुसरा प्रश्न चहाच्या रांगेतून आलेला आहे: "सत्र ऐकताना कोणत्या ठिकाणी सूत्र सुटले? तेव्हा पडद्यावर काय होते, आठवत असल्यास लिहावे." येथे "सूत्र सुटले का?" असे विचारू नये, कारण त्याचे सभ्य उत्तर "नाही" असेच येते. "कोणत्या ठिकाणी" असे म्हटले, की सूत्र सुटणे ही साधी, सगळ्यांच्या बाबतीत होणारी गोष्ट आहे हे गृहीत धरले जाते आणि माणूस मोकळेपणाने लिहितो. ज्याचे कुठेच सुटले नाही, तो तसे लिहायला मोकळा असतोच.

तिसरा प्रश्न वेगाविषयी आहे आणि त्याला तीनच पर्याय आहेत: माझ्यासाठी संथ, माझ्यासाठी योग्य, माझ्यासाठी फार वेगवान. "माझ्यासाठी" हा शब्द जाणूनबुजून आहे. त्यामुळे श्रोत्याला वक्त्यावर निकाल द्यावा लागत नाही, स्वतःची स्थिती सांगावी लागते, आणि वयाने मोठ्या माणसाला नावे ठेवल्याचा संकोच राहत नाही. चौथ्या प्रश्नात या विषयाशी आधी किती ओळख होती ते विचारावे. पर्याय म्हणून "नाव प्रथमच ऐकले", "शिकताना पाहिले आहे" आणि "कामात वापरतो किंवा वापरते" एवढे पुरतात. हा प्रश्न नसेल, तर बाकीच्या उत्तरांचा अर्थ लावता येत नाही. त्याविषयी पुढे सांगतोच.

एका प्रश्नात दोन गोष्टी विचारू नयेत. "विषय आणि मांडणी समाधानकारक होती का?" याला विषय आवडलेला पण मांडणी न आवडलेला माणूस काय उत्तर देणार? एक ते पाच गुणांचा प्रश्न ठेवायचाच असेल, कारण प्रायोजकांना आकडा लागतो, तर तो सर्वांत शेवटी ठेवावा. आधी नेमके प्रश्न सोडवून आलेला माणूस शेवटचा आकडा थोडा विचार करून देतो.

तीन भाषांचा अर्ज

बेळगावच्या सभागृहात शहापूर-वडगावचे मराठी बोलणारे, बैलहोंगल-गोकाकचे कन्नड बोलणारे आणि दोन्ही बोलून इंग्रजीत लिहिणारे, असे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. वक्ता मूळ इंग्रजीत बोलतो, मध्येच पुढच्या रांगेकडे पाहून मराठीत एखादा विनोद करतो, आणि अर्धे सभागृह हसत असताना उरलेले अर्धे फोन पाहू लागते. अभिप्राय गोळा करताना ही स्थिती लक्षात घेतली नाही, तर भाषेमुळे झालेली अडचण विषयाच्या खात्यावर जमा होते. म्हणून आमच्या अर्जात एक जादा प्रश्न असतो: "अडचण आली असल्यास ती कशामुळे: विषय अवघड होता, वक्त्याची भाषा समजली नाही, की पडदा किंवा आवाज नीट नव्हता?" एकदा या प्रश्नातून समजले, की ज्या सत्राला अवघड म्हणून शेरे आले होते त्यात विषय अजिबात अवघड नव्हता, वक्ता पुण्याच्या वेगाने मराठी-इंग्रजी मिसळून बोलत होता एवढेच.

अर्ज मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावा आणि पहिल्याच पडद्यावर तीन सारख्या आकाराची बटणे असावीत, प्रत्येकावर त्या भाषेचे नाव तिच्याच लिपीत. फोनच्या भाषेवरून निवड आपोआप करू नये, कारण मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहायची इच्छा असलेल्या माणसाचाही फोन येथे बहुधा इंग्रजीत असतो. भाषेचा प्रश्न सीमाभागात नुसत्या सोयीचा नसतो, हे वेगळे सांगायला नको. एका भाषेचा अर्ज मोठ्या अक्षरांत आणि दुसरीचा कोपऱ्यात असे झाले, तर उत्तरे येण्यापूर्वी तक्रार येते.

भाषांतर यंत्राकडून करून घेऊन तसेच छापू नये. मराठीतल्या "ठीक" या शब्दात किंचित नाराजी असते. कन्नडमधील "परवागिल्ल" हा शब्द त्याच जागी बसवला, तर तो बोलणाऱ्याच्या सुरानुसार "चालेल" पासून "बरेच चांगले" पर्यंत कुठेही जातो. उत्तर कर्नाटकातला माणूस मनापासून "छलो इत्त री" (छान होतं हो) म्हणेल, पण पुस्तकी कन्नडमधील पाच पायऱ्यांच्या विशेषणांपैकी आपले नेमके कोणते, हे त्याला ठरवता येणार नाही. पाच विशेषणे तीन भाषांत एकसारखी तोलणे जवळजवळ अशक्य आहे. "मी हे स्वतः करून पाहू शकेन", "मला कोणाची तरी मदत लागेल", "मला हे जमणार नाही" अशी वाक्ये मात्र कोणत्याही भाषेत जवळपास तेवढ्याच वजनाची राहतात. विशेषणे टाळण्याचे हे दुसरे कारण. भाषांतर झाल्यावर ती भाषा घरी बोलणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना अर्ज मोठ्याने वाचायला सांगावा. ते जेथे अडखळतील ते वाक्य बदलावे.

केव्हा आणि कसा

दिवसाच्या शेवटी सर्व सत्रांचा एकत्र अभिप्राय मागण्याची पद्धत आपल्याकडे मुळीच चालत नाही. साडेचारनंतर निपाणी, चिकोडी आणि खानापूरच्या मंडळींचे अर्धे लक्ष घड्याळाकडे आणि अर्धे मध्यवर्ती बसस्थानकाकडे असते. शिवाय सकाळी दहाच्या सत्रात कुठे सूत्र सुटले, हे संध्याकाळी कोणाला आठवते? चाळीस मिनिटांचे सत्र असेल, तर वक्त्याला बत्तीस मिनिटे, प्रश्नोत्तरांना पाच आणि अभिप्रायाला तीन मिनिटे असा करार वक्त्याशी आधीच करावा. ही तीन मिनिटे टाळ्यांच्या आधी घ्यावीत. टाळ्या वाजल्या, की सभागृह उठते आणि मग कोणी थांबत नाही.

निवेदकाने त्या वेळी काय बोलावे, हेही लिहून द्यावे. "कृपया आपला बहुमोल अभिप्राय द्यावा" या वाक्याने कोणी हलत नाही. त्याऐवजी असे म्हणावे: "पुढची तीन मिनिटे आपण सगळे येथेच बसणार आहोत. वक्त्यांना कौतुक ऐकून झाले आहे. कुठे समजले नाही ते त्यांना हवे आहे, आणि ते त्यांनी स्वतः मागितले आहे." शेवटचे वाक्य वक्त्याच्या तोंडून आले तर अधिक चांगले. त्या तीन मिनिटांत वक्त्याने व्यासपीठावर उभे राहून श्रोत्यांकडे पाहू नये. पाणी प्यायला बाजूला जावे.

क्यूआर कोड कसा स्कॅन करावा हे आता कोणाला शिकवावे लागत नाही, कारण भाजीच्या हातगाडीवरही तो लटकलेला असतो. पण याच सवयीमुळे काही जण पैसे भरण्याच्या ॲपमधूनच तो स्कॅन करतात, आणि ते ॲप कोड अमान्य असल्याचे सांगते. तेव्हा "फोनच्या कॅमेऱ्यातून स्कॅन करावा" अशी ओळ कोडखाली असावी आणि तिच्याखाली टंकता येईल असा छोटा पत्ताही द्यावा. पडद्यावर कोड दाखवून भागत नाही. सर्वसाधारण ठोकताळा असा, की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचे त्याच्या साधारण एकदशांश रुंदीचा कोड लागतो. शेवटची रांग पंधरा मीटरवर असेल, तर पडद्यावरचा कोड दीड मीटर रुंद हवा. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पाच सेंटीमीटरचा छापील कोड चिकटवला, तर हा प्रश्न सुटतो. कोड गडद रंगात पांढऱ्यावर छापावा आणि त्याच्या चारही बाजूंना त्यातील चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडावी. सजावटीसाठी उलटे रंग केले, की काही फोन तो ओळखत नाहीत.

दिवसभरासाठी एकच कोड असावा. वेळेवरून चालू सत्र ओळखून त्याचा अर्ज समोर आणण्याचे काम पानाने करावे, पण सत्राचे आणि वक्त्याचे नाव वर ठळक दाखवून "हेच सत्र ना?" असे विचारावे, कारण आपले कार्यक्रम वेळापत्रकाप्रमाणे चालतात असे पान धरून चालेल, आणि ते खरे नसते.

फोन काढायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी एक जुना मार्ग आहे. काही परदेशी परिषदांत दाराशी हिरवी, पिवळी आणि लाल कार्डे ठेवतात आणि बाहेर पडताना श्रोते त्यांपैकी एक डब्यात टाकतात. आम्ही चिंचोके वापरले. दाराजवळ तीन बरण्या, त्यांवर "करून पाहीन", "थोडे समजले" आणि "डोक्यावरून गेले" अशा चिठ्ठ्या, आणि बाजूला परातभर चिंचोके. मोजायला पाच मिनिटे पुरली, आणि अर्जापेक्षा कितीतरी अधिक जणांनी मत दिले. बरण्या पारदर्शक असल्याने पुढच्याने कुठे टाकले ते मागच्याला दिसते आणि तोही तिकडेच टाकतो, ही चूक मात्र आमच्याकडून झाली. पुठ्ठ्याची बंद खोकी वापरावीत.

अर्जाचे पान

वेब डेव्हलपरांच्या परिषदेतला अर्जच उघडायला दहा सेकंद लागले, तर त्यावरचा पहिला अभिप्राय तोंडीच मिळतो. तयार फॉर्म-सेवा वापरायला काहीच हरकत नाही, पण सभागृहात नेटवर्क गेले की ती अडते. स्वतः पान बनवणार असाल, तर ते साध्या एचटीएमएलचे असावे. प्रत्येक प्रश्नाला फील्डसेट आणि लेजंड (पर्याय एकत्र बांधणारा आणि त्यांना शीर्षक देणारा एचटीएमएलचा घटक), पर्यायांना खरी रेडिओ बटणे आणि लेबल, आणि मराठी भागाला "एमआर", कन्नड भागाला "केएन" असा भाषेचा गुणधर्म द्यावा, म्हणजे पडदावाचक वापरणाऱ्यांना योग्य उच्चार ऐकू येतो. वेब फाँट उतरवण्याची गरज नाही. सध्याच्या फोनमध्ये देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांची अक्षरे असतात. ओळींमधील अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर खालची जोडाक्षरे आणि वरच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, दाबायच्या जागेचा किमान आकार डबल-ए या मधल्या पातळीला २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल सांगितला आहे. अंधाऱ्या सभागृहात घाईने दाबण्यासाठी ४४ ठेवावा.

उत्तरे आधी फोनवर साठवावीत आणि मगच सर्व्हरकडे पाठवावीत. सर्व्हिस वर्करचे बॅकग्राउंड सिंक (नेटवर्क आल्यावर राहिलेले आपोआप पाठवण्याची सोय) क्रोम आणि त्याच्या भाऊबंदांत चालते, सफारीत चालत नाही. त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबू नये आणि नेटवर्क परत आल्याच्या घटनेवर पुन्हा पाठवण्याची तजवीज करावी. प्रत्येक उत्तराला फोनवरच एक अनन्य क्रमांक द्यावा, म्हणजे तेच उत्तर दोनदा पोहोचले तरी एकदाच मोजले जाईल.

उत्तरे वाचताना

आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली आणि सगळी मराठी चिन्हांच्या चिखलात बदलली, असे झाल्यास घाबरू नये; माहिती शाबूत असते. फाइल यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) मध्ये बीओएमसह, म्हणजे ही पद्धत ओळखू यावी म्हणून सुरुवातीला घातलेल्या खुणेसह, लिहावी किंवा एक्सेलमध्ये मजकूर आयात करताना ६५००१ हे यूटीएफ-८ चे कोडपान निवडावे. फाइल साठवण्यापूर्वी हे करावे, कारण बिघडलेली फाइल तशीच साठवली तर मूळ अक्षरे परत मिळतील याची खात्री नसते.

उत्तरे देवनागरीत, कन्नड लिपीत, इंग्रजीत आणि रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठी-कन्नडमध्ये येतात, तीही एकाच वाक्यात मिसळून. शब्द मोजून भावना ओळखणारी साधने येथे गडबडतात. "काय भारी सांगितलं, काहीच कळलं नाही" हे कौतुक की टोमणा, हे माणसानेच वाचून ठरवावे. पन्नास-साठ उत्तरे दोघांनी मिळून वाचायला संध्याकाळ पुरते. दोघांपैकी एकाला कन्नड उत्तम येत असावे.

आता आकड्यांविषयी. समजा दोन सत्रांना बारा-बारा जणांनी गुण दिले. पहिल्यात दहा जणांनी पाच आणि दोघांनी एक गुण दिला. दुसऱ्यात चौघांनी पाच आणि आठ जणांनी चार गुण दिले. दोन्हींची बेरीज ५२, म्हणून दोन्हींची सरासरी ४.३३. पण दुसऱ्या सत्रात कोणीही हरवले नाही आणि पहिल्यात दोघे पूर्णपणे हरवले. सरासरी सांगण्याऐवजी कोणत्या गुणाला किती जण, ही ओळ जशीच्या तशी लिहावी; ती वाचायला काही अवघड नाही. आणि बारा उत्तरांवर ४.३ चे सत्र ४.१ च्या सत्रापेक्षा चांगले ठरवून ढाल देऊ नये, कारण एका माणसाचे मत बदलले तरी क्रम उलटतो.

वेगाच्या प्रश्नाची सरासरी तर काढूच नये. चाळीस जणांपैकी चौदा जणांना सत्र फार वेगवान, बारा जणांना संथ आणि चौदा जणांना योग्य वाटले, तर सरासरी "योग्य" अशीच येते आणि सव्वीस जण गैरसोयीत होते हे दिसतच नाही. येथे ओळखीचा प्रश्न कामाला येतो. वेगवान म्हणणारे चौदा जण विषयाचे नाव प्रथमच ऐकणारे असतील आणि संथ म्हणणारे बारा जण तोच विषय रोज वापरणारे असतील, तर वक्त्याचे काहीच चुकलेले नाही. चूक आपली, की आपण पत्रिकेत सत्राची पातळी छापली नाही आणि दोघांनाही एकाच खोलीत बसवले. अभिप्रायाने संयोजकांकडे बोट दाखवण्याचा हा प्रसंग मी एकापेक्षा अधिक वेळा अनुभवला आहे.

उत्तरे किती जणांपैकी आली, हे कळण्यासाठी एका स्वयंसेवकाने सत्र सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी आणि संपण्याच्या पाच मिनिटे आधी डोकी मोजावीत. सत्र अर्ध्यावर सोडून गेलेले लोक अर्ज भरत नाहीत, त्यामुळे सर्वांत नाराज मते अर्जात येतच नाहीत; ती या दोन आकड्यांच्या फरकात असतात. शेवटच्या सत्राला हा हिशेब लावू नये. तेथे बस सुटते.

वक्त्याच्या हाती देताना

त्याच रात्री उत्तरे पाठवू नयेत. दमलेला माणूस तीस चांगली वाक्ये विसरतो आणि एक कडू वाक्य घेऊन झोपतो. तीन-चार दिवसांनी, पण आठवड्याच्या आत, एक पानाचा मजकूर पाठवावा. वर उपस्थिती आणि उत्तरांची संख्या, मग लोक काय करून पाहणार आहेत त्यांची यादी, मग सूत्र सुटल्याच्या जागा सत्राच्या क्रमाने, आणि शेवटी गुण. कपडे, उच्चार, जात, गाव किंवा दिसण्यावरचे शेरे गाळावेत, आणि ते गाळले आहेत एवढे वक्त्याला कळवावे. स्त्री-वक्त्यांच्या वाट्याला असे शेरे अधिक येतात, म्हणून कच्ची फाइल कोणालाही थेट पाठवू नये. टीका मात्र गाळू नये आणि मऊही करू नये. कन्नडमध्ये आलेली वाक्ये मूळ आणि भाषांतर अशी दोन्ही द्यावीत.

पहिल्यांदाच बोललेल्या वक्त्याला कागद पाठवून मोकळे होऊ नये. टिळकवाडीत कुठेतरी चहाला बसून सोबत वाचावे, आणि प्रत्येक शेऱ्यावर "हे बदलायचे का?" एवढेच विचारावे. प्रत्येक शेरा मानलाच पाहिजे असे नाही. एकाला जास्त कोड हवा असतो, दुसऱ्याला कमी, आणि निवड वक्त्याचीच असते.

सर्व्हिस वर्करच्या सत्राचे वक्ते, वयाने आमच्याहून थोर, आम्ही लिहून दिलेला कागद वाचून आधी थोडे खट्टू झाले. "प्रॉमिस ज्यांना येत नाही त्यांनी या सत्राला बसूच नये," असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते चुकीचे नव्हते. पुढच्या खेपेला आम्ही पत्रिकेत "प्रॉमिसची ओळख आवश्यक" असे छापले आणि त्यांनीही सुरुवातीला पाच मिनिटांची उजळणी ठेवली. हॉटेलात जेवणाची ऑर्डर दिल्यावर हाती येणारे टोकन, ताट अजून आलेले नाही पण येईल किंवा "संपलं" असा निरोप तरी येईल, हे त्यांचे उदाहरण नंतर श्रोत्यांच्या उत्तरांत अनेकदा परतून आले.

दीड महिन्यानंतर

ज्यांनी वेगळ्या अर्जात संपर्काला होकार दिला असेल, त्यांना साधारण सहा आठवड्यांनी दोनच प्रश्नांचा संदेश पाठवावा: परिषदेत ऐकलेले काय करून पाहिले, आणि करताना कुठे अडले. उत्तरे थोडी येतात, पाच-सहा आली तरी पुष्कळ. पण सत्राच्या दिवशी "करून पाहीन" असे लिहिलेल्यांपैकी कितीजण खरोखर बसले, हे यातूनच कळते. त्याच संदेशात, मागील अभिप्रायावरून आम्ही अमुक दोन गोष्टी बदलत आहोत, असे स्पष्ट लिहावे. पुढच्या वर्षी खुर्चीवरचा कोड कोण स्कॅन करील हे बरेचसे त्यावर अवलंबून असते. संदेश पाठवून झाल्यावर संपर्कांची यादी पुसून टाकावी, आणि सूत्र सुटल्याच्या जागांचे कागद तेवढे पुढच्या वर्षीच्या वक्त्यांना दाखवण्यासाठी फायलीत ठेवावेत.